‘सम’ नेमकं कुठल्या प्रकारात बसतं?

डिचोली तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगी सातवीत. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. इंग्रजी व्याकरणात तिचं घोडं विशेषणांच्या प्रकारांपाशी अडलं आहे. चाचणीत अधोरेखित विशेषणाचा प्रकार ओळखायचा होता, त्यात १० पैकी ४ गुण मिळाले. ‘सम स्टुडंट्स केम लेट’ या वाक्यातल्या ‘सम’पुढे तिनं ‘क्वांटिटी’ लिहिलं, ते चुकीचं ठरलं. गाईडमध्ये मात्र ‘सम’ क्वांटिटीच्याच यादीत छापलेलं आहे. ‘धिस इज माय बॅग’ मधलं विशेषण शोधायला सांगितलं तर तिनं ‘धिस’ लिहिलं, तेही चुकलं. वर्गाच्या वहीत ‘माय’ला पझेसिव्ह (मालकी दाखवणारं) अ‍ॅडजेक्टिव्ह म्हटलंय आणि शाळेनंच लावलेल्या दुसऱ्या पुस्तकात त्याच शब्दाला डिटर्मिनर. आई विचारतात: ‘सम’ कुठल्या प्रकारात येतं? खरं पुस्तक कुठलं? याद्या पाठ करून घ्याव्यात का? घरच्यांचं म्हणणं, साखळी शहरात ट्यूशन लावावी. पत्राच्या शेवटी त्या लिहितात की त्या स्वतः मराठी माध्यमातल्या, आणि आपलं मराठीच मुलीच्या आड येतंय असं त्यांना वाटू लागलंय.

ताई,

आधी त्या ‘सम’चं बघू. गाईडमध्ये छापलंय ते खोटं नाही आणि टीचरनी गुण कापले तेही बरोबर. ‘सम राईस’ मधलं ‘सम’ क्वांटिटीचं, म्हणजे परिमाणाचं. ‘सम स्टुडंट्स’ मधलं ‘सम’ नंबरचं, म्हणजे संख्येचं. शब्द तोच, पण पुढचं नाम बदललं आणि प्रकार बदलला. गाईडच्या यादीत शब्द एकटाच छापलेला असतो, त्याचं नाम सोबत नसतं. त्यामुळे मुलांचा समज होतो की प्रकार शब्दालाच चिकटलेला आहे. तुमच्या पत्रातही हाच समज दिसतो: ‘सम कुठल्या प्रकारात येतं?’ असं तुम्ही विचारलंय. हा प्रश्न ‘या वाक्यात सम कुठल्या नामाबद्दल काय सांगतं?’ असा विचारला, तर उत्तर दरवेळी मिळतं.

मुलीला बाजारात नेऊन हे दाखवता येईल. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मानकुराद आंबे डझनावर मोजून घेतो, नारळ नगावर मोजतो. तांदूळ, दूध, तेल मापून घेतो. मोजायचं असेल तिथे नंबर, मापायचं असेल तिथे क्वांटिटी. मराठीत ‘किती’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, ‘किती आंबे’ आणि ‘किती दूध’, म्हणून नुसतं ‘किती?’ विचारून फरक कळत नाही. ‘मोजू की मापू?’ असं विचारायला शिकवा. दुसरी खूण नामाच्या रूपात असते. ‘मँगोज’, ‘स्टुडंट्स’, ‘चिल्ड्रन’ ही अनेकवचनं दिसली की नंबर. ‘राईस’, ‘मिल्क’, ‘मनी’ अशी अनेकवचन न होणारी नामं दिसली की क्वांटिटी.

इथे मराठी खरोखरच फसवतं, आणि ते मुलीला आधी सांगून ठेवायला हवं. आपण ‘तांदूळ धुतले’, ‘पैसे संपले’, ‘केस गळतात’ म्हणतो. तिन्ही अनेकवचनी. इंग्रजीत ‘राईस’, ‘मनी’ आणि डोक्यावरचे ‘हेअर’ एकवचनी आणि मापायचे. म्हणून आपली मुलं ‘मेनी मनी’ लिहितात आणि प्रकार विचारला की नंबर सांगतात. ‘माहिती’, ‘बातमी’, ‘सल्ला’ यांचंही तसंच. आपण ‘एक सल्ला’, ‘दोन बातम्या’ म्हणतो, इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘न्यूज’ मोजत नाहीत. ‘फर्निचर’ही मोजत नाहीत, मग घरात कितीही खुर्च्या असोत. अशी दहाएक नामं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. विशेषणांच्या लांबलचक यादीपेक्षा या छोट्या यादीचा उपयोग जास्त होईल.

‘सम’सारखेच दोन्हीकडे जाणारे शब्द म्हणजे ‘एनी’, ‘नो’, ‘ऑल’, ‘इनफ’, ‘मोअर’, ‘मोस्ट’. यांना नाम पाहिल्याशिवाय हात लावू नये. ‘मच’ मात्र कायम क्वांटिटी, आणि ‘मेनी’, ‘फ्यू’, ‘सेव्हरल’ कायम नंबर. ‘लिटल’ची गोष्ट वेगळी. ‘लिटल वॉटर’ म्हणजे थोडं पाणी, तिथे ते क्वांटिटी. ‘अ लिटल बॉय’ म्हणजे लहान मुलगा, तिथे ते आकार सांगणारं, म्हणजे क्वालिटी. पेपर काढणाऱ्यांना हा शब्द फार आवडतो.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांचा प्रकार एकच असला तरी अर्थात गुण जातात. इथे मराठी चांगली मदत करतं. ‘फ्यू पीपल केम’ म्हणजे थोडेच लोक आले, जवळजवळ कुणी नाही. ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे थोडे का होईना, आले. आणि ‘द लिटल मनी शी हॅड’ म्हणजे तिच्याकडे होते नव्हते ते पैसे. हे तीन मराठी वाक्प्रयोग कानात बसले की इंग्रजीतला फरक पाठ करावा लागत नाही.

आता ‘धिस इज माय बॅग’. तुमच्या मुलीनं ‘धिस’ हे डेमॉन्स्ट्रेटिव्हच्या, म्हणजे दर्शक विशेषणांच्या, यादीत पाहिलं आणि लिहून टाकलं. पण या वाक्यात ‘धिस’च्या पुढे नाम नाही, क्रियापद आहे. ते कुणाचं विशेषण होत नाही, ते नामाच्या जागी उभं आहे, म्हणून सर्वनाम. ‘धिस बॅग इज माईन’ असं वाक्य असतं तर ‘धिस’ विशेषण झालं असतं आणि ‘माईन’ सर्वनाम. तिला एक सवय लावा: पेन्सिल घेऊन विशेषणापासून त्याच्या नामापर्यंत बाण काढायचा. बाण कुठे जातो ते दाखवता आलं नाही, तर तो शब्द विशेषण म्हणून लिहायचा नाही.

एक खबरदारी. ‘द बॅग इज हेवी’ मध्ये बाण मागे जातो, ‘हेवी’पासून ‘बॅग’कडे. गुण सांगणाऱ्या शब्दांचा बाण असा क्रियापद ओलांडून मागे जाऊ शकतो. मराठी व्याकरणात याला विधिविशेषण म्हणतात, ‘पिशवी जड आहे’ मधल्या ‘जड’सारखं. पण ‘धिस’, ‘माय’, ‘ईच’, ‘विच’ या मंडळींचा बाण पुढेच गेला पाहिजे आणि नामावर थांबला पाहिजे. सगळ्यात जास्त फसवतो तो ‘हिज’. ‘हिज बुक’ मध्ये विशेषण, ‘द बुक इज हिज’ मध्ये सर्वनाम, रूप एकच. त्याच्याखालोखाल ‘हर’: ‘हर बुक’ मध्ये विशेषण, ‘आय सॉ हर’ मध्ये सर्वनाम. मराठीत ‘हे माझं पुस्तक’ आणि ‘हे पुस्तक माझं’ दोन्हीकडे ‘माझं’ असल्यामुळे आपल्या मुलांना हा फरक आपसूक जाणवत नाही. बाण काढला की दिसतो.

मग ‘माय’ पझेसिव्ह अ‍ॅडजेक्टिव्ह की डिटर्मिनर? ताई, दोन पुस्तकांपैकी एक चुकीचं असलंच पाहिजे हे तुम्ही गृहीत धरलंय, तसं नाही. या वर्गीकरणाच्या दोन पद्धती आहेत, एक जुनी आणि एक नंतरची. जुन्या पद्धतीत नामाला चिकटणारा प्रत्येक शब्द विशेषण. एके काळी तर इंग्रजी व्याकरणकार लॅटिनच्या वळणावर जाऊन विशेषणालाही नामाचाच एक पोटभेद मानत. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं की ‘माय’, ‘धिस’, ‘ईच’, ‘सम’ हे शब्द ‘बिग’ किंवा ‘रेड’सारखे वागत नाहीत. ‘व्हेरी बिग’ चालतं, ‘व्हेरी माय’ चालत नाही. ‘बिग रेड बॅग’ चालतं, पण ‘माय धिस बॅग’ चालत नाही, दोघांपैकी एकालाच जागा मिळते. लिओनार्ड ब्लूमफील्ड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाच्या १९३३ सालच्या लेखनात अशा शब्दांसाठी डिटर्मिनर ही संज्ञा येते, आणि नंतरच्या व्याकरणांनी ती उचलून धरली. मराठीत आपण ‘माझी ही पिशवी’ बिनदिक्कत म्हणतो, म्हणून हे शब्द वेगळे काढावेत असं आपल्याला आतून वाटत नाही. इंग्रजीत ते वाटण्याचं कारण आहे.

मला स्वतःला नवी पद्धत जास्त पटते. पण तुमच्या मुलीला आज उपयोग आहे तो प्रश्न वाचण्याचा. प्रश्नात ‘अ‍ॅडजेक्टिव्हचा प्रकार ओळखा’ असं असेल तर जुन्या पद्धतीनं उत्तर लिहायचं: पझेसिव्ह, डेमॉन्स्ट्रेटिव्ह वगैरे. ‘योग्य डिटर्मिनर भरा’ असं असेल तर तेच शब्द, पण प्रकाराचं नाव लिहायची गरज नाही, अर्थाला बसणारा शब्द भरायचा. दोन्ही प्रश्न एकाच पेपरात येऊ शकतात आणि त्यात विरोध नाही.

याद्यांबद्दल तुम्ही विचारलंय. सगळ्या पाठ करून घेऊ नका, पण काही जरूर घ्या, कारण त्या बंद याद्या आहेत, त्यात नवा शब्द येत नाही. डेमॉन्स्ट्रेटिव्हचे मुख्य ४: धिस, दॅट, दीज, दोज. इंटरॉगेटिव्ह, म्हणजे प्रश्न विचारणारे, ३: व्हॉट, विच, हूज. पझेसिव्ह ७: माय, अवर, युअर, हिज, हर, इट्स, देअर. डिस्ट्रिब्युटिव्ह, म्हणजे एकेकाला वेगळं धरणारे, ४: ईच, एव्हरी, आयदर, नायदर. झाले १८. हे १८ शब्द दोन दिवसांत पाठ होतात आणि बाण पुढच्या नामावर थांबला की प्रकार ठरलाच. काही पुस्तकं ‘सच’लाही डेमॉन्स्ट्रेटिव्हमध्ये घालतात आणि ‘अ’, ‘द’ यांनाही, तेवढं वर्गाच्या वहीत पाहून घ्या. डिस्ट्रिब्युटिव्हलाही काही ठिकाणी नंबरच्या पोटात धरतात. शिकवलंय तसं लिहावं.

या चौघांपैकी ‘ईच’ आणि ‘एव्हरी’ जरा नीट पाहायला हवेत. दोघांच्याही पुढे नाम एकवचनी आणि क्रियापदही एकवचनी: ‘ईच बॉय हॅज’, ‘एव्हरी हाऊस हॅज’. ‘ईच ऑफ द बॉईज’ म्हटलं की मध्ये ‘ऑफ’ आला, बाण तुटला, ‘ईच’ सर्वनाम झालं. ‘एव्हरी’ असं एकटं कधीच उभं राहत नाही, त्याला नाम लागतंच. आपलं ‘प्रत्येक’ दोघांनाही चालतं, म्हणून मुलं दोघांना एकच समजतात.

उरलं ते गुणविशेषण, अ‍ॅडजेक्टिव्ह ऑफ क्वालिटी. याची यादी पाठ करण्यात अर्थ नाही, शब्द हजारो आहेत. ‘कसा, कशी, कसं?’ या प्रश्नाला उत्तर देतं ते क्वालिटी. मुलांचे गुण तीन ठिकाणी जातात.

एक म्हणजे ‘ली’नं संपणारे शब्द. शेवटी ‘ली’ दिसलं की क्रियाविशेषण, असं मुलांना सांगितलेलं असतं. पण ‘फ्रेंडली’, ‘कॉस्टली’, ‘लव्हली’, ‘लोनली’ विशेषणं आहेत. ‘ली’ काढून काय उरतं ते पाहायचं. ‘स्लो’ हे विशेषण उरलं तर ‘स्लोली’ क्रियाविशेषण. ‘फ्रेंड’ हे नाम उरलं तर ‘फ्रेंडली’ विशेषण. हा नियम शंभर टक्के नाही. ‘डेली’ दोन्हीकडे चालतं: ‘डेली पेपर’ मध्ये विशेषण, ‘पेपर कम्स डेली’ मध्ये क्रियाविशेषण. तिथे पुन्हा बाण.

दुसरी जागा ‘बोअरिंग’ आणि ‘बोअर्ड’ची. शेवटी ‘इंग’ असल्यामुळे मुलांना हे क्रियापद वाटतं, आणि वाक्यात वापरायला सांगितलं की ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ लिहितात. मराठीत हा फरक अगदी स्वच्छ आहे. ‘बोअरिंग’ म्हणजे कंटाळवाणा, ‘बोअर्ड’ म्हणजे कंटाळलेला. ‘टायरिंग’ दमवणारा, ‘टायर्ड’ दमलेला. हे मराठीतून शिकवलं तर पाच मिनिटांत समजतं.

तिसरी जागा गोव्यातल्या मुलांना रोज दिसते. गोमेकॉचं पूर्ण नाव घ्या: गोवा मेडिकल कॉलेज. ‘मेडिकल’ विशेषण आहे, पण ‘गोवा’ नाम आहे, ते फक्त विशेषणाच्या जागी बसून काम करतंय. ‘गोअन फिश करी’ मधलं ‘गोअन’ मात्र खरं विशेषण. ‘द करी इज गोअन’ म्हणता येतं, ‘द कॉलेज इज गोवा’ म्हणता येत नाही. ‘स्टोन वॉल’, ‘मानकुराद मँगो’, ‘कदंब बस’ या सगळ्यांत पहिला शब्द नामच. सातवीच्या काही पुस्तकांत अशा नामांनाही विशेषण म्हणून सोडून देतात, म्हणून असा प्रश्न आला तर ‘विशेषणासारखं वापरलेलं नाम’ एवढं लिहिलं की कुणी चुकीचं म्हणणार नाही.

‘गोअन’, ‘इंडियन’, ‘पोर्तुगीज’ हे विशेषनामांवरून आलेले, प्रॉपर अ‍ॅडजेक्टिव्ह. काही पुस्तकं यांना क्वालिटीतच धरतात. यांचं पहिलं अक्षर नेहमी कॅपिटल. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे मराठी शाळेतून आलेल्या मुलांच्या हातून हे हमखास निसटतं आणि बरोबर ओळखूनही अर्धा गुण जातो.

राहिलेले दोन छोटे प्रकार मराठीच्या आधारानं लगेच कळतात. ‘द व्हेरी हाऊस’ म्हणजे ‘तेच घर’, ‘विथ हर ओन आईज’ म्हणजे ‘स्वतःच्याच डोळ्यांनी’. आपण ‘च’ लावतो तिथे इंग्रजीत ‘व्हेरी’ किंवा ‘ओन’ येतं, ते एम्फसायझिंग. ‘व्हेरी बिग’ मधलं ‘व्हेरी’ मात्र विशेषण नाही, ते ‘बिग’वर जोर देणारं क्रियाविशेषण. दुसरा एक्स्क्लमेटरी: ‘व्हॉट अ व्ह्यू!’ म्हणजे ‘काय देखावा!’. तोच ‘व्हॉट’ ‘व्हॉट कलर इज इट?’ मध्ये इंटरॉगेटिव्ह होतो आणि ‘व्हॉट इज इट?’ मध्ये नाम नसल्यामुळे सर्वनाम. ‘हू’ नामाला कधीच चिकटत नाही, तो विशेषण होत नाही.

आणखी एक गोंधळ, जो उत्तरपत्रिकांत फार दिसतो. ‘टॉलर’चा प्रकार विचारला की मुलं ‘कंपॅरेटिव्ह’ लिहितात. कंपॅरेटिव्ह ही तुलनेची पायरी आहे, प्रकार नव्हे. ‘टॉल’, ‘टॉलर’, ‘टॉलेस्ट’ तिन्ही क्वालिटीच. प्रश्नात ‘काईंड’ आहे की ‘डिग्री’, हा शब्द वाचून मगच पेन उचलायला सांगा.

आता हे सगळं एका उताऱ्यावर करून पाहू. मुलीला हा लिहून द्या:

‘माय ग्रँडमदर बॉट अ फ्यू राईप मँगोज अँड सम फ्रेश फिश अ‍ॅट द म्हापसा मार्केट. दॅट वॉज हर थर्ड ट्रिप. ईच बॅग वॉज हेवी. विच बस डिड शी टेक?’

‘माय’चा बाण ‘ग्रँडमदर’वर, पझेसिव्ह. ‘अ फ्यू’ आणि ‘राईप’ दोघांचे बाण ‘मँगोज’वर. पहिला मोजण्याचा म्हणून नंबर, तोही अनिश्चित. दुसरा ‘कसे आंबे?’चं उत्तर, म्हणून क्वालिटी. एकाच नामाला दोन विशेषणं असू शकतात हे इथे दिसतं. पुष्कळ मुलं पहिलं सापडलं की थांबतात. ‘म्हापसा’ नाम, फक्त ‘मार्केट’च्या पुढ्यात बसलेलं. ‘दॅट’पुढे नाम नाही, ‘वॉज’ आहे, सोडून द्यायचा. ‘हर’ आणि ‘थर्ड’ दोन्ही ‘ट्रिप’चे, एक पझेसिव्ह, दुसरा क्रम सांगणारा निश्चित नंबर, आपलं क्रमवाचक संख्याविशेषण. ‘ईच’ डिस्ट्रिब्युटिव्ह, बाण पुढे ‘बॅग’वर. ‘हेवी’ क्वालिटी, बाण मागे त्याच ‘बॅग’वर. ‘विच’ इंटरॉगेटिव्ह, ‘बस’वर.

मध्ये ‘सम फ्रेश फिश’ राहिलं, ते मुद्दाम. ‘फ्रेश’ सरळ क्वालिटी. पण ‘सम’? ‘फिश’चं एकवचन आणि अनेकवचन सारखंच लिहितात, त्यामुळे रूपावरून कळत नाही. चार बांगडे मोजून घेतले असतील तर नंबर, नुसतं खायला मासळी आणली असं म्हणायचं असेल तर क्वांटिटी. बाजारहाटाच्या वाक्यात मासळी खाण्याची वस्तू म्हणून आली आहे, तेव्हा क्वांटिटी लिहावं, आणि शेजारी कारण लिहावं. मुलीनं ‘नंबर’ लिहून ‘मासे मोजून घेतले’ असं कारण दिलं, तर माझ्या मते तिला हा भाग पक्का समजलाय.

घरी सराव करताना वहीत चार रकाने आखा: शब्द, त्याचं नाम, नामाला विचारलेला प्रश्न, प्रकार. दुसरा आणि तिसरा रकाना भरल्याशिवाय चौथा भरायचा नाही, एवढा नियम कडक ठेवा. रोज पंधरा मिनिटं पुरे. इंग्रजी वर्तमानपत्रातली एक चौकट किंवा तिच्याच इतिहासाच्या पुस्तकातल्या पाच ओळी घ्या. व्याकरणाच्या पुस्तकातली वाक्यं एकाच प्रकारासाठी घडवलेली असतात, तिथे मूल धड्याचं नाव पाहून उत्तर देतं. इतिहासाच्या पुस्तकात सगळे प्रकार मिसळून येतात, परीक्षेत येतात तसे. पहिल्या आठवड्यात फक्त बाण, प्रकार लिहायचाच नाही. दुसऱ्या आठवड्यापासून प्रकार. उलट क्रमानं केलं की मूल पुन्हा यादी आठवू लागतं.

ट्यूशनबद्दल: एवढ्या एका भागासाठी लावू नये असं मला वाटतं. घरापासून जाऊन-येऊन संध्याकाळ जाते आणि तिथे बहुधा त्याच याद्या पुन्हा लिहून घेतील. तीन आठवडे चार रकान्यांची वही करून पाहा. त्यानंतरही ती नाम शोधतानाच अडखळत असेल, म्हणजे वाक्याचा अर्थच लागत नसेल, तर अडचण विशेषणांची नाही, इंग्रजी वाचनाची आहे. तेव्हा ट्यूशन लावा, पण वाचून घेणाऱ्याकडे.

आणि तुमचं मराठी. वर पाहिलंत तर ‘थोडेच’, ‘होते नव्हते ते’, ‘कंटाळवाणा-कंटाळलेला’, ‘च’, क्रमवाचक, विधिविशेषण, एवढ्या ठिकाणी मराठीनं वाट दाखवली. ‘पैसे’, ‘तांदूळ’, ‘माझं’, ‘प्रत्येक’ आणि कॅपिटल अक्षर, एवढ्या ठिकाणी चकवलं. चकवणाऱ्या जागा मोजक्या आहेत आणि त्या मराठी जाणणाऱ्या आईलाच सांगता येतात. इंग्रजी अस्खलित बोलणाऱ्या पण मराठी न येणाऱ्या माणसाला मुलगी ‘मेनी मनी’ का लिहिते हे कळणार नाही, तो फक्त खाली लाल रेघ मारील. मुलीशी या विषयावर मराठीतून बोला, उदाहरणं इंग्रजी ठेवा.

शाळेत एकदा जरूर जाऊन या, पण गुण वाढवून मागायला नको. वही आणि दुसरं पुस्तक दोन्ही बरोबर न्या आणि टीचरना तीन गोष्टी विचारा: प्रकार ओळखायच्या प्रश्नात ‘माय’ला काय लिहिलेलं चालेल, ‘अ’ आणि ‘द’ हे विशेषणांत धरायचे का, आणि डिस्ट्रिब्युटिव्ह वेगळा लिहायचा की नंबरमध्ये. उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहून घ्या. पुढच्या वर्षी टीचर बदलल्या की हेच तीन प्रश्न पुन्हा विचारावे लागतील.